हॉलची फरशी, गाईचे खूर

गोठ्याची फरशी मी निवडली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे सगळा राग दादावर काढून मी मोकळी होईन, आणि तसं करायची मला जुनी सवय आहे.

मी पेणला राहते, रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. मधे कासूला गाडी थांबते आणि तिथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर आमचं गाव आहे. गावात आमची शेती आहे असं आम्ही घराण्यातले सगळे सांगतो. आम्ही म्हणजे मास्तर, डॉक्टर, इंजिनियर, बँकवाले. चिखलात पाय घातलेला एकही नाही. शेती काकी करते. काकी आमच्या नात्यातली नव्हे. तिचं घर आमच्या घराच्या मागे, आणि तिच्या सासऱ्यापासून आमची जमीन तीच माणसं लावतात. भात आणि वाल ती पिकवते, आणि आम्ही पिशव्या भरून नेऊन शेजाऱ्यांना "आमच्या शेतातले वाल" म्हणून वाटतो.

मला लहानपणापासून नाकाचा शाप आहे. घरात दूध नासलं की सगळ्यात आधी मला कळतं. वर्गात मागच्या बाकावर कोणी डबा उघडला तर फळ्याकडे तोंड ठेवून मी आतली भाजी सांगते. शेणाची तर मला शिसारीच. सुट्टीत गावी गेलं की चुलत भावंडं उघड्या पायांनी गोठ्यात हुंदडायची आणि मी ओट्यावर पाय वर घेऊन बसायची. काकी तेव्हा नवी नवरी होती. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन माझ्यासमोरून जाताना मुद्दाम थांबायची आणि म्हणायची, "वास घे गो बाय, सरदी जाईल." मी किंचाळायची आणि ती हसत पुढे जायची.

काकीचा गोठा तिच्या घराला लागून होता. भिंती कारवीच्या कुडाच्या, कमरेपर्यंत लिंपलेल्या आणि वर नुसत्या काठ्या, त्यामुळे वारा आरपार. खाली मुरूम आणि खडबडीत दगड. मागच्या बाजूला उतार, उताराच्या शेवटी चर, चरातून मूत थेट माडाच्या बुंध्याला. संध्याकाळी डासांसाठी धुरी. हे सगळं मी पन्नास वर्षं पाहत आले आणि त्यात मला फक्त घाण दिसली. विज्ञानाची बाई म्हणवते मी स्वतःला!

दर वसुबारसेला आमचं सगळं गोत गावी जमतं. दुपारी तांबड्या भोपळ्याचं भरीत खायचं, अंताक्षरी खेळायची, संध्याकाळी नटूनथटून काकीच्या गोठ्यात जाऊन गाय-वासराला ओवाळायचं आणि फोटो काढायचे. गाय आमच्या घराण्यात दोन पिढ्या नाही. एका वर्षी ओवाळायला वाकताना दादाच्या बायकोचा, म्हणजे वहिनीचा, पाय पोटरीपर्यंत शेणात गेला. पैठणी होती. तिने जो आकांत मांडला तो ऐकून गाय तबकावर शिंगं उगारून उभी राहिली. बाकीच्यांनी हसू दाबलं. मी मात्र वहिनीचं बरोबर आहे असं मोठ्याने म्हणाले.

दादा माझा सगळ्यात मोठा चुलत भाऊ. पुण्याला असतो, इंजिनियर म्हणून निवृत्त झालाय, आणि निवृत्त माणसाला डोकं चालवायला काहीतरी लागतंच. दिवाळी संपायच्या आत त्याने फॅमिली ग्रुपवर जाहीर केलं की आता घराण्याचा स्वतःचा गोठा होणार. असा, की बघणाऱ्याने तोंडात बोट घातलं पाहिजे. फेब्रुवारीत नकाशा आला. गाय काकीची, हौस आमची. काकीचा जुना गोठा नव्याच्या बरोबर मागे, म्हणजे प्रत्येक फोटोत येणार, म्हणून तो काढायचा असंही त्यातच ठरलेलं होतं. काकीला विचारायचं काम माझ्याकडे आलं, कारण मीच जवळ. मी ओट्यावर बसून, पाय वर घेऊन, विचारलं. काकीने सुपातले वाल एकदा पाखडले.

"तुमी म्हनाल तसा," ती म्हणाली.

तिचं हे बोलणं म्हणजे होकार, असं मी दादाला कळवलं. जमीन आमची, तिच्या घराखालची जागा आमची. ती वेगळं काय बोलणार होती? हे मला त्या वेळीही कळत होतं. कळत असून मी पुढचा फोन गवंड्याला लावला.

दादा पुण्याहून उंटावरून शेळ्या हाकत होता आणि शेळ्यांच्या मागे धावत होते मी. तीन भिंती छतापर्यंत विटांच्या. चौथ्या, गावाच्या अंगाच्या भिंतीत दार आणि काचेच्या खिडक्या, पण खिडक्या बंदच ठेवायच्या, पाहुण्यांना वास नको म्हणून. वर पत्रा, पत्रा आतून दिसायला वाईट म्हणून त्याच्या खाली पांढरंशुभ्र पीव्हीसीचं सिलिंग. सिलिंगला पंखा. पुढे काळ्या ग्रॅनाइटची गव्हाण, आणि गव्हाणीला लागून उभी भिंत, तिच्यावर गाय-वासराचं चित्र असलेली मोठी टाइल. गाय उभी राहील ती या चित्राकडे तोंड करून. गाईला गाईचं चित्र दाखवायची कल्पना कोणाची, ते मी विचारलं नाही.

आणि फरशी. पेणच्या दुकानात मी तासभर हिंडले आणि मला मलईच्या रंगाची, आरशासारखी चकचकीत एक फरशी आवडली. दुकानदाराने विचारलं, हॉलला ना? मी म्हटलं, गोठ्याला. तो आधी हसला, मग मी हसत नाही हे पाहून गंभीर झाला.

"मॅडम, हिच्यावर पाणी पडलं की पाय सरकतो. खडबडीत दाखवू का? बाथरूमची?"

"खडबडीत फरशीच्या खाचांत शेण बसतं," मी म्हटलं, "आणि गाय काय पाण्यात नाच करणार आहे?"

या वाक्यावर मी त्या दिवशी खूश होते. घरी येऊन नवऱ्यालाही ते ऐकवलं होतं.

पावसाळ्याच्या तोंडावर काकीची तांबडी गाय नव्या गोठ्यात आली. ठेंगणी, कोकणातल्या गाई असतात तशी, पोटुशी. दसऱ्याच्या सुमाराला विणार होती, म्हणजे वसुबारसेला वासरासकट गाय मिळणार म्हणून ग्रुपवर आनंदीआनंद. जुना गोठा त्याच आठवड्यात काढला. कूड उपटला, दगड बांधाला लावले, चर बुजवला. मी नव्या गोठ्याचे फोटो पाठवले. त्यात गाय भिंतीच्या चित्रासमोर उभी होती आणि तिच्या खुरांखाली तिचंच प्रतिबिंब दिसत होतं. खाली पंचवीसेक जणांनी हात जोडले.

आठवड्याने काकीचा फोन आला.

"ती बसत नाय गो बाय."

"म्हणजे?"

"उबीच हाय. दिवसभर उबी. बसायला गेली का पाय सरतंय, मंग परत उबी."

मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, नव्या घरात आपल्यालाही दोन दिवस झोप लागत नाही. मला हे अगदी पटलं. दोन दिवसांचे दोन महिने झाले. गाय बसायची ती दमून, कोसळल्यासारखी, आणि उठताना दोन-तीनदा घसरून. तिच्या गुडघ्यांवरचे केस गेले, तिथे चामडी दिसायला लागली. काकीने पोती अंथरली. मी शनिवारी गेले तेव्हा ती मुतून ओली झालेली पोती पाहून मला ओकारी आली आणि मी ती काढायला लावली. सकाळ-संध्याकाळ फिनेलने पुसायचं, असा नियम मी घालून दिला. माझ्या गोठ्यात शेणाचा वास येता कामा नये! येतही नव्हता. त्याऐवजी दुसरा एक वास यायचा, डोळ्यांत जाणारा. तो फिनेलचा असेल असं मी धरून चालले.

गणपती गेल्यानंतरचा शनिवार. शाळा अर्धी. मी कासूला उतरले, रिक्षा केली, दोनच्या सुमाराला गावात. गोठ्याच्या दारात पोचले आणि आधी मला पाय दिसले. गाईचे मागचे दोन पाय दोन बाजूंना पसरलेले होते, इतके लांब, की ते एकाच जनावराचे आहेत हे कळायला मला क्षण लागला. पोट फरशीवर टेकलेलं. पुढचे पाय फरशी खरवडत होते आणि खुरांचा आवाज येत होता, नखांनी पाटी ओरबाडल्यासारखा. काकी खाली बसली होती, गाईची मान मांडीवर घेऊन. सगळीकडे शेण, मूत आणि फिनेलचं पांढरं पाणी, आणि त्यातच काकीचं लुगडं.

"जित्ती हाय," ती म्हणाली, मी काही विचारायच्या आत.

"कसं झालं?"

"धुतला व्हता. सुकला नव्हता." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू येनार म्हनून धुतला."

मी तिथे दारात उभी राहिले. चप्पल काढायची की घालून आत जायचं, हा विचार तेव्हाही माझ्या डोक्यात होता. स्वतःची इतकी घाण मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. चप्पल काढली आणि आत गेले, आणि दुसऱ्याच पावलाला माझा स्वतःचा पाय सटकला.

जनावरांचे डॉक्टर तासाभराने आले. पन्नाशीचे, गमबूट घातलेले, कमी बोलणारे. तेही आत येताना घसरले आणि ग्रॅनाइटला धरून वाचले. त्यांनी गाय तपासली, हात घालून वासरू पाहिलं. वासरू हलत होतं. हाड मोडलेलं नाही असं त्यांना वाटत होतं, मांडीच्या आतले स्नायू फाटले असावेत. तीन-चार दिवसांत उठली तर उठली. नाही उठली तर आपल्याच वजनाखाली तिचे पाय सुन्न होतील, मग ती उठणार नाही, आणि वासरूही जाईल. काकी हे ऐकताना गाईच्या कानामागे बोटाने खाजवत होती. तिचं ते बोट मला अजून दिसतं.

"हिला इथून काढा," डॉक्टर म्हणाले. "मुरूम, वर गुडघाभर पेंढा. मागचे पाय एकमेकांना मऊ कापडाने बांधा, वीतभर अंतर ठेवून, म्हणजे फाकणार नाहीत. दर तीन-चार तासांनी कूस बदला."

मी मान डोलावत होते. ते इंजेक्शन भरता भरता थांबले आणि मला म्हणाले, "मॅडम, खाली गुडघ्यावर बसा जरा. असं नाही, पूर्ण वाका. गाय बसली की तिचं नाक जिथे असतं, तिथे तुमचं नाक आणा."

आणलं. एक श्वास घेतला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घसा सोलला गेल्यासारखा झाला. अमोनिया. मी वर्षानुवर्षं फळ्यावर त्याचं सूत्र लिहिते, मुलांना सांगते की हा वायू मुतारीत ओळखता येतो. बाहेर काढायला आढ्याशी फट नाही, खिडक्या बंद, वर सिलिंग, फरशीला उतार नाही कारण उतारावर पाहुण्यांच्या खुर्च्या नीट राहत नाहीत. सगळी वाफ आत कोंडलेली, आणि माझं प्रसिद्ध नाक उभं राहून, पाच फुटांवरून, तिला फिनेल समजत होतं. ही गाय त्यात जवळजवळ तीन महिने उभी होती. मी पुन्हा वर उठले तेव्हा डॉक्टर गव्हाणीपुढच्या त्या चित्राच्या भिंतीला हात लावून पाहत होते.

"गाय उठताना आधी मागचं अंग उचलते," ते म्हणाले, "त्यासाठी डोकं पुढे फेकावं लागतं. इथे फेकणार कुठे?"

काकीचा मुलगा डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर आहे. तो शिफ्ट संपवून आला तो तिघा सोबत्यांना घेऊनच. आमच्या घराचं मागचं दार बिजागऱ्यांतून काढलं, गाईखाली सरकवलं, आणि दारावरून ओढत तिला काकीच्या पडवीत नेलं. जुना गोठा तर आम्ही पाडून टाकला होता, मग तिला ठेवायला दुसरी जागा कुठे होती? पडवीत काकीची खाट होती, ती अंगणात गेली. मुरूम टाकला, पेंढा टाकला. पाय बांधायला मऊ कापड हवं होतं, तर मी माझी ओढणी दिली.

मी शाळेत रजा टाकली. चार दिवस मी काकीच्या पडवीत होते. ज्याला मी किळस म्हणत आले होते तो फक्त नखरा होता, हे मला तिथे कळलं. गाईची कूस बदलायची म्हणजे एकीने शेपटीखाली हात घालायचा आणि दुसरीने खांद्याखाली. शेपटीकडे मी. पातळ शेण मनगटावरून कोपरापर्यंत यायचं. खालच्या बाजूची कातडी ओली होऊन सडायला लागली होती, तिथे माश्या. त्या जखमा धुतल्या की येणारा वास अजून कधी कधी जेवताना येतो. दुसऱ्या दिवशी मी मागीलदारी जाऊन ओकले, तोंड धुऊन परत आले. काकीने लिंबाचं पान हातावर ठेवलं आणि काही चिडवलं नाही. तिने चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

ग्रुपवर मी खरं काय ते लिहिलं. खाली पुन्हा हात जोडलेले. एकीने गाईचं गाणं टाकलं. दादाने लिहिलं की मेंटेनन्स नीट झाला नसेल, ओल्या फरशीवर जनावर फिरवायचं नसतं. आणि वहिनीने विचारलं, "वसुबारसेपर्यंत उभी राहील ना गं?" हा प्रश्न वाचून मी फोन पेंढ्यावर भिरकावला. मग लाज वाटली, कारण पहिल्या दिवशी पायाला ओढणी बांधताना नेमका हाच प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता.

काकी गाईशी बोलायची. ओरडून नव्हे, शेजारणीशी बोलतात तसं. भात कसा पोसवलाय, बांधावर कोणाची म्हैस शिरली, असं काहीबाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने हिरव्या गवताची पेंडी गाईच्या नाकापुढे धरली आणि थोडी मागे नेली. गाईने मान लांब केली. काकी आणखी मागे सरली. गाईने डोकं जोरात पुढे फेकलं, मागचं अंग थरथरत वर आलं, ओढणी ताणली गेली. मी दोन्ही हातांनी शेपटीचं मूळ धरलं होतं आणि आम्ही दोघी देवाचं नाव न घेता नुसत्या "हां, हां, हां" म्हणत होतो. मग पुढचा एक पाय आला, मग दुसरा. गाय उभी राहिली आणि तिने माझ्या अंगावर भडभडून मुतलं. मी हलले नाही.

"उठली गो बाय," काकी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी ती पडवीतच व्याली. कालवड झाली. गाय मागच्या डाव्या पायाने कायमची लंगडी राहिली.

नवा गोठा मी फोडला. गवंडी बोलावला, पण पहिली पहार मी मारली. चांगली चकचकीत मलईची फरशी फुटताना मला जे सुख झालं ते सांगण्यासारखं नाही. खाली खडबडीत दगड बसवून सांध्यांत मुरूम ठोकला, मागे उतार दिला, चर काढला. सिलिंग उतरवलं तेव्हा वरून काळं पाणी आणि मेलेले किडे डोक्यावर पडले. आढ्याशी हातभर फट ठेवून वर उचललेला पत्रा बसवला. दोन बाजूंच्या भिंती कमरेपर्यंत उतरवल्या, वर बांबूच्या कामट्या. चित्राची भिंत तोडली, गव्हाण बाहेरच्या अंगाला सरकवली. म्हणजे काकीचा जुना गोठा, जो आम्ही फुकट उपटून टाकला होता, तोच मी पुन्हा उभा केला. दादाला फोनवर सांगितलं. त्याने आधी माझ्या शिक्षणाचा उद्धार केला आणि मग म्हणाला, ठीक आहे, वसुबारसेला आत पूजा झाली पाहिजे.

ती व्हावी असं मलाही वाटत होतं, पूजेसाठी नाही. गाय आत जाऊन बसली, पाय दुमडून रवंथ करायला लागली, तर काकी माझ्याकडे पूर्वीसारखी बघेल, एवढंच मला हवं होतं. मी रोज संध्याकाळी गाडीतून उतरून गोठ्यात जायची, गुडघ्यावर बसून वास घ्यायची. पेंढा आणि मुरुमाचा, कोरडा. इथे मीसुद्धा झोपले असते.

वसुबारसेला सगळे आले. दादाने गोठ्याभोवती एक फेरी मारली आणि एवढंच म्हणाला की लूक गेला. बायका तबकं घेऊन आत उभ्या राहिल्या. काकी गाय घेऊन आली, मोकळं दावं हातात, कालवड मागे उड्या मारत. कालवडीला काय माहीत? ती सरळ आत शिरली, पेंढ्यात दोन गिरक्या घेतल्या आणि सगळ्यांनी कौतुकाने फोन वर केले.

गाय उंबऱ्याशी थांबली. पुढचे दोन्ही खूर जमिनीत रोवले, मान खाली, नाकपुड्या फुगलेल्या. तिची मांडी थरथरायला लागली, आधी लंगडी, मग दुसरीही. आतून कालवड हंबरली. गाईने उत्तर दिलं, अंग पुढे ताणलं, पण खूर उचलला नाही. तिच्या सडांतून दूध गळायला लागलं, थेंब थेंब, उंबऱ्याच्या बाहेरच.

"ओढा जरा," वहिनी म्हणाली.

"मी मागून ढकलतो," दादा म्हणाला आणि खरंच मागे जाऊन त्याने तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, दुखऱ्या बाजूच्या. गाय दचकून बाजूला सरली, पाय लचकला.

"हात लावू नकोस तिला!" मी ओरडले. दादावर मी जन्मात ओरडले नव्हते. सगळ्यांचे फोन खाली आले. दादा म्हणाला, अगं दोन मिनिटांचा प्रश्न आहे, आत उभी राहू दे, फोटो झाला की ने. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना, आणि त्याहून जास्त त्याच्यामागे ओळीने उभ्या असलेल्या आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे, कारण ती एकसारखी होती आणि माझंही तसंच आहे.

"बाय," काकी शांतपणे म्हणाली, "वासरू आन भायेर."

मी आत जाऊन कालवड दोन्ही हातांनी उचलली. ती लाथा झाडत होती, नव्या साडीला शेण लागलं. बाहेर आणून आईपुढे ठेवली. गाय तिला चाटायला लागली आणि हळूहळू तिची मांडी थरथरायची थांबली. आत कोणीतरी विचारत होतं, मग आता ओवाळायचं कोणाला?

मी काकीच्या जवळ गेले. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता. "काकी, आता ती फरशी नाही गं आत. सगळं काढलं मी. तू तिला सांग ना, तुझं ऐकते ती."

काकीने दावं हाताला गुंडाळलं.

"मी काय सांगू गो?" ती म्हणाली. "पयल्या टायमाला पन ती आत जात नव्हती. मीच सांगितला, म्हनून गेली."

आणि कालवडीला पुढे घालून, गाईच्या लंगड्या पायाला जमेल तेवढ्याच चालीने, ती पडवीकडे गेली.